हिरव्या रेषांमागची धावपट्टी

प्रवासी विमान धावपट्टीवर टेकायच्या बेतात असतं, तेव्हा त्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. नेमक्या याच वेळी वैमानिकाला दोन ठिकाणी पाहावं लागतं. समोरच्या काचेतून धावपट्टीकडे, आणि खाली, हाताच्या अंतरावर असलेल्या तबकड्यांकडे. वेग किती, उंची किती, विमान किती कोनात खाली येतंय? मान खाली घालायची, आकडा वाचायचा, पुन्हा वर पाहायचं. या खाली-वर करण्यात दोन सेकंद गेले, तर तेवढ्यात विमान जवळजवळ दीडशे मीटर पुढे गेलेलं असतं.

यात मानेपेक्षा जास्त काम डोळ्यांना पडतं. तबकड्या पाऊण मीटरवर आणि धावपट्टी दोन-तीन किलोमीटरवर. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं, दूरचं पाहताना ते चपटं होतं. तरुणपणी हा बदल इतका सहज होतो की जाणवतही नाही. वय वाढतं तसं भिंग ताठर होत जातं, जवळचं अंधूक दिसू लागतं आणि मराठीत जिला नेमकं ‘चाळिशी’ म्हणतात ती नाकावर येते. प्रवासी विमानांचे वैमानिक पासष्टीपर्यंत उड्डाण करू शकतात. म्हणजे कारकिर्दीतला मोठा काळ, आणि बहुधा सर्वांत जबाबदारीचा काळ, ते चाळिशी लावूनच काढतात.

यावर निघालेला तोडगा म्हणजे हेड-अप डिस्प्ले, अर्थात एचयूडी. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच असते आणि वेग, उंची, क्षितिज, दिशा हे सगळं तिच्यावर हिरव्या रेषा-आकड्यांत उमटतं. मान वरच राहते. पण एचयूडीची खरी करामत माहिती वर आणण्यात नाही. ती माहिती किती अंतरावर दिसते, यात आहे. तेवढीच गोष्ट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवर बसून विमान उडवायला शिकवणाऱ्या यंत्रात, साधायला सगळ्यात अवघड जाते.

रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसून बाहेर पाहिलं तर गाडीतला दिवा बाहेरच्या शेतावर तरंगताना दिसतो. काच एकाच वेळी बाहेरचं दाखवते आणि आतलं परावर्तित करते. एचयूडीची काच हेच करते, फक्त तिच्यामागे भिंगांची एक रांग असते. छोट्या पडद्यावर उमटलेली आकृती या भिंगांतून जाते तेव्हा तिचे प्रकाशकिरण एकमेकांना समांतर होतात. समांतर किरण फार दूरच्या वस्तूकडूनच येतात, उदाहरणार्थ एखाद्या ताऱ्याकडून. त्यामुळे हातभर अंतरावरच्या काचेतले आकडे डोळ्यांना क्षितिजाइतके लांब भासतात. धावपट्टी आणि आकडे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, आणि वाचायला चाळिशीची गरज पडत नाही.

ही कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली बंदुकीसाठी अशी परावर्तक नेमयंत्रणा मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या नेम धरण्याच्या काचा याच तत्त्वावर चालत. पुढे ब्रिटिश नौदलाच्या ‘ब्लॅकबर्न बकेनिअर’ विमानात त्या काचेवर नेमाच्या खुणेबरोबर उड्डाणाची माहितीही आली आणि आजचा एचयूडी जन्माला आला. प्रवासी विमानांत तो सावकाश पोहोचला. बोइंग ७८७ या विमानात तर तो दोन्ही वैमानिकांसाठी मुळातच बसवलेला असतो. एअर इंडियाकडे ही विमानं २०१२पासून आहेत.

काच बसवली म्हणून काम संपत नाही. समांतर किरणांचा तो झोत जागच्या जागी असतो आणि वैमानिकाचे डोळे त्या झोताच्या आत असावे लागतात. ही जागा लहान असते. प्रवासी विमानांत ती साधारण पोस्टकार्डापेक्षाही थोडी छोटी भरते. डोळा तिच्याबाहेर गेला की आकडे फिके होतात, कडेचे आधी दिसेनासे होतात, मग सगळंच गायब. म्हणून खुर्ची बसवणं हे वैमानिकाचं पहिलं काम. एअरबस विमानांत पुढच्या काचांच्या मधल्या खांबावर छोटे रंगीत गोळे असतात. खुर्ची पुढे-मागे, वर-खाली करत पांढऱ्या गोळ्याआड लाल गोळा झाकला गेला की डोळे नेमक्या जागी आले असं समजायचं. इतक्या महागड्या यंत्रात ही गोट्यांची युक्ती अजून टिकून आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

दुसरं काम उजेडाचं. रेषा हिरव्या असण्याला कारण आहे. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. काचेवर असा लेप देतात की तो त्या हिरव्या रंगाची अरुंद पट्टी तेवढी परतवतो आणि बाकीचे रंग पलीकडून येऊ देतो. दुपारच्या उन्हात, पांढऱ्या ढगासमोर या रेषा दिसायच्या तर त्या चांगल्याच प्रखर हव्यात. तीच प्रखरता रात्री ठेवली तर धावपट्टीचे मंद दिवे हिरव्या झगमगाटात बुडून जातील. म्हणून उजेड मोजून आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा असते, आणि तरीही हाताने फिरवायचं एक बटण ठेवलेलंच असतं. अनुभवी वैमानिक रात्री ते मागे फिरवत नेतो आणि आकडे जेमतेम वाचता येतील इथपर्यंत आणून ठेवतो. उन्हाचे गॉगलही इथे आडवे येतात. पोलराइज्ड गॉगल परावर्तित प्रकाश अडवतात. काचेवरच्या रेषा परावर्तितच असल्यामुळे त्यांनी त्या फिक्या पडू शकतात. वैमानिकांना असे गॉगल टाळायला सांगतात ते यासाठी. हल्ली एचयूडी असलेल्या मोटारगाड्या मिळतात, त्यांच्या चालकांनाही कधीतरी असा गॉगल घातल्यावर आकडे कुठे गेले असा प्रश्न पडतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. एचयूडीवरच्या काही खुणा आकड्यांसारख्या नुसत्या लिहिलेल्या नसतात, त्या बाहेरच्या जगावर नेमक्या बसवलेल्या असतात. क्षितिजाची रेषा खऱ्या क्षितिजावर पडते. पंख फुटलेल्या छोट्या वर्तुळासारखी एक खूण विमान या क्षणी नेमकं कुठे चाललंय ते दाखवते. विमानाचं नाक एकीकडे आणि विमान जातंय दुसरीकडे, असं आडव्या वाऱ्यात नेहमीच होतं. नवशिक्याला ते उमगायला वेळ लागतो. ही खूण धावपट्टीच्या सुरुवातीवर धरून ठेवली तर विमान तिथेच जाणार. पण खूण अर्ध्या अंशाने जरी सरकलेली असेल तर ती वैमानिकाला आत्मविश्वासाने चुकीच्या जागी नेईल. म्हणून विमानात काच बसवताना तिचा अक्ष विमानाच्या अक्षाशी काटेकोर जुळवतात.

आता हे सगळं सिम्युलेटरमध्ये आणायचं म्हटलं की पंचाईत होते. खऱ्या विमानात बाहेरचं जग खरोखर दूर असतं. दूर भासवावी लागते ती फक्त काचेवरची आकृती. सिम्युलेटरमध्ये मात्र बाहेरचं जगही चित्रच असतं, आणि ते चार पावलांवर टांगलेलं असतं.

लढाऊ विमानांची बरीच सिम्युलेटर घुमटाकार पडद्यात बसवलेली असतात. समजा, पडदा वैमानिकापासून तीन मीटरवर आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. तीन मीटरवरच्या ठिपक्याकडे पाहताना दोन्ही डोळे किंचित आत वळतात आणि त्यांच्या दिशांमध्ये सुमारे १.२ अंशाचा कोन होतो. खऱ्या विमानातला एचयूडी तसाच उचलून इथे बसवला तर त्याचे समांतर किरण डोळ्यांना सांगतात, ‘सरळ पाहा, हे अनंतावर आहे.’ पडदा सांगतो, ‘आत वळा, मी तीन मीटरवर आहे.’ डोळ्यांना एका वेळी एकाचंच ऐकता येतं. पडद्यावरच्या धावपट्टीकडे नीट पाहिलं की हिरव्या रेषा दोन-दोन दिसतात, आणि त्या दोन रेषांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त असतं. भर म्हणजे डोकं दहा सेंटिमीटर बाजूला नेलं की पडद्यावरचं दृश्य जवळजवळ दोन अंशांनी सरकतं, आणि एचयूडी आपला जागच्या जागी. क्षितिजावर बसवलेली रेषा क्षितिज सोडून जाते.

अशा सिम्युलेटरमध्ये तासभर बसलेल्या माणसाचं डोकं चढतं ते उगाच नव्हे. डोळ्यांचे स्नायू दोन परस्परविरोधी हुकूम पाळायचा प्रयत्न करत राहतात. म्हणून घुमटाच्या सिम्युलेटरमध्ये एचयूडीची भिंगं बदलून आकृती अनंताऐवजी पडद्याच्याच अंतरावर आणतात. नाहीतर त्याहून सोपा मार्ग धरतात. समोरची काच नुसती शोभेची ठेवायची आणि हिरव्या रेषा पडद्यावरच्या चित्रातच रंगवायच्या. मग दोन्ही एकाच अंतरावर येतात आणि भांडण मिटतं. खऱ्या काचेची जागा लहान असते, डोकं हललं की आकडे जातात, ही शिस्त मात्र या सोप्या मार्गात शिकवता येत नाही, जर संगणकाने डोक्याची हालचाल टिपून तसं मुद्दाम करून दाखवलं नाही तर.

विमान कंपन्यांची मोठी सिम्युलेटर वेगळा रस्ता घेतात. तिथे वैमानिक पडद्याकडे थेट पाहतच नाहीत. चित्र डोक्यावरच्या पडद्यावर पडतं आणि वैमानिक ते समोरच्या प्रचंड अंतर्वक्र आरशात पाहतात. हा आरसा म्हणजे बहुतेकदा चकचकीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. मागची हवा खेचून घेऊन त्याला ताणून आकार दिलेला असतो. तो किरण समांतर करून पाठवतो, त्यामुळे दूरचे डोंगर खरोखर दूर वाटतात आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोन्ही वैमानिकांना धावपट्टी सरळ समोर दिसते. इथे खरा एचयूडी बसवता येतो. तो जुळवताना बाहेरच्या दृश्यात ठिपक्यांची जाळी उमटवतात, एचयूडीवरही तशाच खुणा आणतात आणि एकमेकांवर बसेपर्यंत सरकवत राहतात. मग जुळवणी करणारा माणूस खुर्चीत बसून डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवून पाहतो. रेषा आणि क्षितिज एकत्र राहिले तर जमलं. वेगळे झाले तर आरसा किंवा भिंग कुठेतरी चुकतंय.

अंतर जुळलं तरी वेळ जुळायची राहतेच. बाहेरचं दृश्य एक संगणक रंगवतो, एचयूडीच्या रेषा अनेकदा दुसरा. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल आणि एक संगणक दुसऱ्याच्या तीन चित्रं मागे राहिला तर तो उशीर अवघा एक विसांश सेकंद असतो. पण लढाऊ विमान सेकंदाला ६० अंशांच्या वेगाने कुशीवर वळत असेल तर तेवढ्यात तीन अंशांचा फरक पडतो. क्षितिजाची रेषा खऱ्या क्षितिजावर पाण्यात तरंगल्यासारखी मागेपुढे डुलते. डोळे म्हणतात आपण वळतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण खुर्चीत स्वस्थ बसलोय, आणि आता डोळ्यांपुढच्या दोन चित्रांतही एकमत नाही.

घाटातल्या गाडीत होते तशी मळमळ स्थिर खुर्चीत बसून होऊ शकते, याची नोंद १९५७ सालीच हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर झाली होती. १९९३मध्ये रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी या त्रासाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात १६ लक्षणं आहेत आणि त्यांतली बरीचशी पोटाची नसून डोळ्यांची आहेत. डोळ्यांवर ताण, नजर नीट न लागणं, अंधूक दिसणं, डोकेदुखी. गंमत म्हणजे खऱ्या विमानाचे तास ज्यांच्या गाठीशी आहेत, त्या वैमानिकांना नवशिक्यांपेक्षा अनेकदा जास्त त्रास होतो. खरं उड्डाण कसं लागतं हे त्यांच्या शरीराला पाठ असतं आणि सिम्युलेटर त्यात जरा चुकला तरी शरीर तक्रार करतं. त्रास उतरल्याशिवाय खऱ्या विमानात किंवा मोटारीच्या चाकामागे बसू नये, हे त्यामुळेच सांगितलं जातं.

भारतात ही विद्या बाहेरून आणलेली नाही. तेजस विमानाचा एचयूडी चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत घडला. भिंगं, लेप, काचेचा कोन, सगळंच तिथे बेतावं लागलं. विमानाच्या काचेमागे इतकी भिंगं दाटीवाटीने बसवून प्रतिमा वेडीवाकडी होऊ न देणं हे काम दुर्बीण बनवण्यापेक्षा कमी नाही.

पण आज एचयूडी फक्त विमानांत आणि कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्येच नाहीत. ते घराघरातल्या संगणकांवरही आहेत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, डीसीएस यांसारखे कार्यक्रम घेऊन रात्री उशिरापर्यंत विमान उडवणारे हौशी लोक पुण्या-मुंबईत आहेत तसे नाशिक-कोल्हापुरातही आहेत. त्यांतले काही उद्या खरोखर वैमानिक होणार असतात. घरच्या पडद्यावर समांतर किरण वगैरे काही नसतं. धावपट्टी, काच, आकडे सगळं एकाच सपाट पडद्यावर, साठ सेंटिमीटरवर. डोळ्यांना दोन अंतरांचं भांडण नाही, पण दुसरीच एक अडचण आहे, आणि तिचा पत्ता बहुतेकांना नसतो.

पडदा ६० सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर तो डोळ्यांपुढे सुमारे ५३ अंश व्यापतो. आजूबाजूचं जास्त दिसावं म्हणून बहुतेक जण कार्यक्रमातला दृश्यकोन ९० अंशांवर ठेवतात. म्हणजे ९० अंशांचं जग ५३ अंशांच्या चौकटीत कोंबलं जातं. लढाऊ विमानाचा एचयूडी खऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे २५ अंशांच्या आसपास व्यापतो. या कोंबलेल्या चित्रात तो पडद्यावर जेमतेम १३ सेंटिमीटर रुंद होतो आणि डोळ्यांपुढे साडेबारा अंश, म्हणजे निम्माच उरतो. आकडेही निम्मे. धावपट्टीसुद्धा खऱ्यापेक्षा लहान, म्हणून दूर वाटते. आकडे वाचता येत नाहीत म्हणून माणूस पुढे वाकतो, मान ताणतो, एचयूडीचा उजेड वाढवतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या मिटण्याचं प्रमाण तसंही घटतं. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दोष चष्म्याच्या नंबराला दिला जातो.

उपाय साधा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. उतरताना दृश्यकोन पडद्याच्या खऱ्या कोनाजवळ, इथे ५०-५५ अंशांवर आणला तर सगळं खऱ्या आकाराचं दिसतं. कडेचं जग मात्र कापलं जातं. म्हणून अनेक जण हे दोन्ही कोन दोन बटणांवर लावून ठेवतात, वळताना रुंद आणि उतरताना अरुंद. डोकं टिपणारा कॅमेरा असेल तर कार्यक्रमाने एचयूडीच्या खुणा काचेवर चिकटवल्या आहेत की दूरवर धरल्या आहेत, तेही पाहून घ्यावं. डोकं हलवल्यावर खूण धावपट्टी सोडून काचेबरोबर सरकत असेल तर ती चिकटवलेली आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून उतरण्याची सवय लागणं बरं नाही.

डोळ्यांवर बांधायच्या आभासी वास्तवाच्या संचात हा हिशेब पुन्हा बदलतो. तिथे दोन्ही डोळ्यांना वेगळी चित्रं मिळतात, त्यामुळे अंतर खरोखर जाणवतं. एचयूडीच्या रेषा हातभर अंतरावर रंगवल्या असतील तर घुमटातलं भांडण घरी येतं. धावपट्टी पाहावी तर रेषा दोन, रेषा पाहाव्यात तर धावपट्ट्या दोन. शिवाय संचातली भिंगं आपल्या दोन बुबुळांमधल्या अंतराशी जुळवावी लागतात. हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात मोजून मिळतं. न जुळवलेला संच लावून डोकं धरणारे अनेक आहेत.

इथवरचा सगळा खटाटोप डोळ्यांसाठी झाला. अंतर जुळलं, वेळ जुळली, उजेड बेताचा ठेवला, आकार खरा केला. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो सिम्युलेटरमध्येच उघडा पडला.

कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रात एडिथ फिशर, रिचर्ड हेन्स आणि टोनी प्राइस यांनी एचयूडीवर प्रयोग केले. त्यांचा अहवाल १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. विमान कंपनीचे आठ वैमानिक सिम्युलेटरमध्ये पुन:पुन्हा विमान उतरवत होते, कधी एचयूडी लावून, कधी न लावता. एका फेरीत संशोधकांनी, त्यांना न सांगता, धावपट्टीवर दुसरं मोठं विमान आडवं आणून ठेवलं. विमान ढगांतून खाली आलं, धावपट्टी दिसली, तिच्यावरचं विमानही पडद्यावर अगदी समोर होतं. एचयूडी वापरताना आठांपैकी दोघांना ते दिसलंच नाही. ते शांतपणे उतरत राहिले. नंतर चित्रफीत दाखवल्यावर त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना.

आठ ही संख्या लहान आहे. तिच्यावरून टक्केवारी काढण्यात शहाणपण नाही. पण ही माणसं नवशिकी नव्हती, आंधळी नव्हती आणि आळशी तर नव्हतीच. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्या विमानाची प्रतिमा उमटली होती. मेंदूने ती दखलपात्र मानली नाही. त्यांचं लक्ष हिरव्या रेषांवर होतं आणि रेषा नेमक्या धावपट्टीवरच होत्या. डोळे एकाच दिशेला, एकाच अंतरावर, म्हणून दोन्ही गोष्टी पाहिल्या जातील असं गृहीत धरलं गेलं होतं. लक्ष मात्र डोळ्यांच्या भिंगासारखं अंतरावर ठरत नाही. ते एका गोष्टीचा हात धरतं आणि दुसरीचा सोडतं, मग त्या एकमेकींवर रचलेल्या का असेनात. पुढे १९९९मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी चेंडूचे झेल मोजायला लावून लोकांपुढून गोरिलाच्या वेशातलं माणूस नेलं आणि सुमारे निम्म्या लोकांना ते दिसलं नाही. तो प्रयोग जगभर गाजला. वैमानिकांच्या बाबतीत तेच आधी घडून गेलं होतं, फक्त तिथे गोरिलाच्या जागी प्रवासी विमान होतं.

हा धोका कागदावरचा नाही. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर रात्री उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण आगीतून बाहेर पडले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. हे उदाहरण एचयूडीचं म्हणून नव्हे. दिव्यांच्या रांगेत उभं असलेलं, अपेक्षा नसलेलं विमान वरून येणाऱ्याच्या नजरेला किती सहज चुकतं, एवढ्यासाठी ते इथे आलं.

एचयूडीचा दोष म्हणून तो काढून टाकावा, असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. त्याच्यामुळे विमान ठरलेल्या वाटेवर अधिक नेमकं राहतं, धुक्यात उतरणं सोपं होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. प्रश्न काय दाखवायचं आणि कुठे, हा आहे. एम्समध्येच डेव्हिड फॉइल, रॉबर्ट मॅकॅन आदींनी नव्वदच्या दशकात दाखवलं की बाहेरच्या जगाशी जोडलेल्या खुणा, म्हणजे धावपट्टीच्या कडेला उभ्या केल्यासारख्या दिसणाऱ्या आणि तिच्याबरोबर हलणाऱ्या, लक्ष कमी पकडून ठेवतात. एका जागी खिळलेले आकडे नजरेच्या मध्यावर असले की ते लक्ष गिळतात. तेच बाजूला सरकवले तर त्रास घटतो. एचयूडी जुळवताना कुठला आकडा कुठे असावा हा प्रश्न त्यामुळे रंगसंगतीचा राहत नाही.

प्रवासी विमानांत यासाठी आणखी एक सोय असते. अंगठ्याखाली एक बटण, जे दाबलं की अनावश्यक खुणा नाहीशा होतात. पुन्हा दाबलं की काच जवळजवळ मोकळी होते. जमीन जवळ येईल तसं काचेवरचं कमी करत जाणं हा सरावाचा भाग आहे आणि तो सराव करायची जागा सिम्युलेटर हीच. घरच्या कार्यक्रमांतही बहुधा ही कळ असते, शोधली तर सापडते.

हेन्स यांचा प्रयोग घरीही करता येतो. मित्र उतरायला लागला की त्याला कळू न देता धावपट्टीवर दुसरं विमान ठेवायचं, एचयूडी पूर्ण भरलेला असताना. त्याला ते केव्हा दिसलं, उंची किती होती, हे टिपून घ्यायचं. अट एकच, आणि एम्सच्या संशोधकांनीही ती पाळली होती. त्याला आधी काही सांगायचं नाही. एकदा कळलं की तो दर वेळी धावपट्टीवर विमान शोधत राहील, निदान काही दिवस तरी, म्हणून एका माणसावर हा प्रयोग एकदाच करता येतो.